अकरा नंबरच्या खाटेवरची कविता

मिटिंग चालू असताना मी लघवीला गेलो आणि परत आलो तेव्हा कवितेचा प्रमुख झालो होतो.

झालं असं, की डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना थोडी माणुसकीही शिकवा, असं नव्या अभ्यासक्रमात आलं होतं. नुसतं हृदय, यकृत आणि मूत्रपिंड पुरे नाही, त्यावर साहित्य, नाटक, चित्रकला यांचाही शिडकावा हवा. कागदावर त्याचं नाव भारदस्त होतं, 'वैद्यकातील मानव्यविद्या'. पोरं त्याला ह्युमॅनिटी म्हणायची आणि पहिल्या तासाला एकच प्रश्न विचारायची, "सर, याला मार्क आहेत का?"

"माझ्या नावावर कुणी हरकत घेतली नाही?" मी खुर्चीवर बसता बसता डीनना विचारलं.

"घेतली असती तर तुम्हीच घेतली असती. आणि तुम्ही बाहेर होता," डीन म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय हॉस्टेलच्या गिझरचा होता.

मी मेडिसिनचा प्राध्यापक. म्हणजे जे डॉक्टर कापत नाहीत, नुसतं विचारतात, तपासतात आणि गोळ्या लिहून देतात, त्यांच्यातला. नगरच्या बाहेर असलेल्या आमच्या कॉलेजात मी हयात घालवली. कवितेचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला होता, तोही रसग्रहणाचा प्रश्न ऑप्शनला टाकून. पण नोकरीत असताना माणूस काय काय करत नाही? मी एकदा स्वच्छता पंधरवड्याचा प्रमुख होतो आणि एकदा वार्षिक रांगोळी स्पर्धेचा परीक्षक. कविता काय त्याहून अवघड असणार, असं मला वाटलं होतं.

पहिल्या तासाला दीडशे पोरं जेवून आलेली. मी सांगितलं, एक कविता लिहून आणा. आल्या. त्यातल्या निम्म्या डिसेक्शन हॉलमधल्या प्रेतावर होत्या. 'हे देहा, तू माझा पहिला गुरू' ही ओळ मी इतक्या वेळा वाचली, की शेवटी मला त्या देहाचीच दया यायला लागली. एकाने स्टर्नम, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर प्रेमकविता लिहिली होती. कारण त्याच्या म्हणण्याप्रमाणे प्रेयसीचं डोकं तिथंच टेकतं. काही कविता मोबाईलकडून लिहून घेतलेल्या होत्या. त्या ओळखायला सोप्या, त्यांत ऱ्हस्व-दीर्घ बरोबर असायचं.

शरीररचनाशास्त्राचे गाडेकर सर माझ्या शेजारच्या केबिनमध्ये बसायचे. ते दाराशी येऊन विचारायचे, "काय कविराज, यमकाने रक्तस्राव थांबतो का?" खरं तर माझंही मत तेच होतं.

आता श्रुतीबद्दल सांगतो. श्रुती पुण्याची, तिसऱ्या वर्षाला, हुशार, नाकात बारीक चमकी. वर्गात एकटीच अशी, की जिला आपण कवयित्री आहोत याबद्दल शंका नव्हती. तिच्या वहीवर झाकण असलेलं पेन खोचलेलं असायचं आणि कविता वाचताना ती डोळे मिटून घ्यायची. तिने वॉर्डातल्या एका पेशंटवर कविता लिहिली. नाव 'मुकी'.

अकरा नंबरच्या खाटेवर
एक मौन निजलं होतं
ओठांवर शब्द नव्हते
डोळ्यांत आभाळ थिजलं होतं

अशा चाळीस ओळी. शेवटी पहाट होते, परिचारिका पांढरी चादर ओढते आणि 'मौन मौनात मिसळून जातं'. म्हणजे पेशंट जाते. मला कविता कळत नसली तरी ही बक्षीस घेणार हे कळलं.

अकरा नंबरच्या खाटेवर खरोखरच एक बाई होती, भामाबाई. तिसगावजवळच्या वस्तीवरची. चाळिशीची, काटक. दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची, ते उन्हाळ्यातच परतायची. तिच्या हृदयातली मायट्रल नावाची झडप अरुंद झाली होती. लहानपणी सांधे सुजून ताप येतो, तो ताप बरा होतो पण जाताना झडपेच्या दोन्ही पाकळ्या चिकटवून जातो. मग रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसात तुंबतं आणि माणसाला धाप लागते. स्टेथोस्कोप लावला, की तिथून लांबवर ट्रक चढ चढतोय अशी घरघर ऐकू येते. भामाबाईची घरघर इतकी स्पष्ट होती, की आम्ही तिला दर वर्षी परीक्षेला 'केस' म्हणून बोलवायचो.

बाहेरच्या लोकांना हे माहीत नसतं, म्हणून सांगतो. डॉक्टरकीच्या प्रॅक्टिकलला खरा पेशंट समोर असतो. पोरांनी त्याला विचारायचं, तपासायचं आणि निदान परीक्षकाला सांगायचं. मुरलेल्या पेशंटना आपलं निदान पाठ असतं. पोरगं घामाघूम झालेलं दिसलं, की भामाबाई तोंडावर पदर धरून हळूच सांगायची, "मायटल हाय, मायटल. डाव्या कुशीवर घे मला, मंग आयकू येतंय." तिच्या या दयेवर आज महाराष्ट्रात किमान डझनभर डॉक्टर प्रॅक्टिस करत असतील.

अशा बाईला श्रुतीने मुकी केलं होतं. आणि मी, तिचा डॉक्टर, मला ते वाचून काहीही खटकलं नाही. कवितेतल्या बाईला आणि आमच्या भामाबाईला मी एकत्र आणलंच नाही.

आमच्या गॅदरिंगला दुपारी काव्यवाचन ठेवलं होतं. पाहुणे आलेले, डीन पहिल्या रांगेत, आणि मागे सगळ्या खुर्च्या रिकाम्या. पोरं क्रिकेट बघायला गेली होती. डीननी मेट्रन सिस्टरकडे बघितलं. दहा मिनिटांत वॉर्डातले चालते-फिरते पेशंट रांगेने हॉलमध्ये आले. दवाखान्याच्या हिरव्या कपड्यात, कुणाच्या हातात सुई, कुणाच्या हातात लघवीची पिशवी. हॉल भरला. पाहुणे म्हणाले, "रुग्णांचाही सहभाग, वा!"

श्रुतीने डोळे मिटून 'मुकी' वाचली. चांगली वाचली. चादरीच्या ओळीला तिचा आवाज कापला. हॉल शांत झाला, डीननी चष्मा काढून पुसला, आणि टाळ्या सुरू होणार तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"अगं ए पोरी, अकरा नंबरची खाट म्हंजी माहीच की!"

भामाबाई उभी राहिली होती.

"मी कवा मेले?"

हॉलमध्ये जे हसू फुटलं, ते आवरायला मेट्रन सिस्टरना माईक घ्यावा लागला. एका म्हाताऱ्याचे टाके ओढले गेले, ते नंतर बघावे लागले. श्रुती स्टेजवर तशीच उभी. डोळे आता टक्क उघडे. भामाबाई हसत नव्हती. ती म्हणाली, "हसता काय? घरी कळालं तर सुतक पाळतील ना." आणि खाली बसली.

पाहुण्यांनी तरीही पहिलं बक्षीस 'मुकी'लाच दिलं. त्यांचा निर्णय आधीच झाला होता.

श्रुती माझ्या केबिनमध्ये येऊन रडली. "सर, कवितेत एवढं स्वातंत्र्य असतं."

"कवितेत असेल. वॉर्डात नसतं. पेशंटला मृत घोषित करण्याआधी आपल्यात ईसीजी काढतात," मी म्हणालो. मला माझाच विनोद आवडला होता. "जा, तिची माफी माग."

ती गेली. पुढचं तिने मला नंतर सांगितलं. भामाबाई खाटेवर मांडी घालून बसली होती. श्रुती म्हणाली, "मावशी, चुकलं माझं."

"मारलीस त्याचं न्हाई काही. मरन तर समद्यांनाच हाय," भामाबाई म्हणाली. "पन मुकी का म्हनलीस? मी लई बोलती. आमच्या टोळीत माह्यावाचून कुनाचं पान हालत न्हाई. तू कवा इचारलंस मला?"

"विचारलं होतं की मावशी. दम कधीपासून लागतो, पायाला सूज येते का..."

"ते माह्या दम्याला इचारलंस. मला न्हाई."

श्रुती स्टूल ओढून बसली. त्या दिवशी बसली आणि दुसऱ्या दिवशीही बसली. गॅदरिंगची सुट्टी होती, तिला दुसरं काम नव्हतं, आणि भामाबाई बोलायला लागली की मध्ये उठायची सोय नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी श्रुती वहीसकट माझ्यासमोर उभी राहिली.

"सर, मावशींनी तीन वर्षांपूर्वी झडपेच्या प्रोसिजरला नकार दिला होता. का, ते माहीत आहे तुम्हाला?"

"नवऱ्याने नाही म्हटलं असेल. किंवा अंगारे-धुपारे. नेहमीचंच," मी म्हणालो.

"नाही सर. फुग्यामुळे."

मला कळेना. या झडपेवर एक उपाय असतो. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्या टोकाला फुगा असतो. तो अरुंद झडपेत फुगवला, की चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. मग फुगा रिकामा करून नळीसकट बाहेर काढतात. तीन वर्षांपूर्वी मी राउंडला चालता चालता भामाबाईला सांगितलं होतं, "हृदयात फुगा घालून झडप उघडू, बरं वाटेल." माझं वाक्य तिथं संपलं होतं. फुगा बाहेर काढतात, हे मी सांगितलंच नव्हतं. मला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं.

"त्यांना वाटलं, फुगा कायमचा आत राहणार," श्रुती म्हणाली. "आणि मोळी डोक्यावर घेतली की फुटणार. म्हणून नाही म्हणाल्या."

मी फाईल मागवली. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर 'पेशंट नॉट विलिंग' असे तीन शब्द होते. खाली सही. अक्षर माझं. त्यानंतर ती चार वेळा आली होती, आणि चारही वेळा आमच्यापैकी कुणीतरी मागचं पान बघून तेच तीन शब्द पुन्हा उतरवले होते. तेवढ्यात तिचे तीन हंगाम झाले होते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं असतं. भामाबाई मधल्या पावलाला बसायची. टोळीने तिचं नाव टेकनबाई ठेवलं होतं. हेही श्रुतीच्या वहीत होतं, आमच्या फाईलमध्ये नव्हतं.

परीक्षेसाठी पोरांना आम्ही एक गोष्ट घोकायला लावतो, तक्रार पेशंटच्याच शब्दांत लिहा. मी स्वतः त्यावरून पोरं नापास केली आहेत. श्रुतीच्या वहीत लिहिलं होतं, 'काळजात कुनीतरी सुपानं पाखडतंय असं हुतं.' मी तीस वर्षं या झडपेबद्दल शिकवत होतो. असं नेमकं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं.

मी स्वतः समजावून सांगायला वॉर्डात गेलो. गाडेकर सरही मागोमाग आले, गंमत बघायला. मी केसपेपरच्या मागे हृदयाचं चित्र काढलं. भामाबाई म्हणाली, "कैरी हाय का?" मी कप्पे दाखवले, झडप दाखवली, नळी कुठून येते ते दाखवलं. पाच मिनिटं बोललो. त्यातले निम्मे शब्द इंग्रजी होते, हे मला गाडेकरांच्या चेहऱ्यावरून कळलं.

भामाबाईने सगळं ऐकून घेतलं. "तुमी लई शिकलेले हाय, सर. पन फुगा आत फुटला तर?"

मी पुन्हा चित्राकडे वळलो. तेवढ्यात श्रुती खाटेच्या कडेला बसली आणि तिने आपल्या नाकातल्या चमकीला बोट लावलं.

"मावशी, नाकातलं बरेच दिवस काढून ठेवलं तर काय होतं?"

"भोक बुजतं."

"मग काय करता?"

"काय करनार? काडी सारायची. हळूहळू मोकळं हुतं."

"मोकळं झालं की काडी नाकातच ठेवता?"

"काडी कशाला ठिवील कुनी नाकात?" भामाबाई म्हणाली आणि थांबली. मग माझ्याकडे वळली. "असं हाय व्हय? फुगा म्हंजी काडी?"

"हो," मी म्हणालो.

"मंग असं सांगायचं ना, सर! तीन साल घालवलं."

जाताना गाडेकर सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि ते मला त्यांच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागलं.

आठवड्याने प्रोसिजर झाली. ही करताना पेशंट जागा असतो. आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी नंतर सांगितलं, की बाईने टेबलावर तीनदा विचारलं, "फुगा काढला का?" शेवटी त्यांनी रिकामा केलेला फुगा तिच्या डोळ्यांपुढे धरला. तिने तो नीट बघितला आणि म्हणाली, "येवढासाच? ह्याला भ्यायले मी?" दुसऱ्या दिवशी ती दोन जिने चढून माझ्या ओपीडीत आली. मध्ये कुठे बसली नाही. मी स्टेथोस्कोप लावला. ट्रक फार लांब गेला होता.

"आता मला परीक्षेला बोलवनार न्हाई व्हय?" तिने विचारलं. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

मग तिने श्रुतीला बोलावलं. "आता त्या कवितेत मला जित्ती कर."

श्रुतीने पुन्हा लिहिली. आठ दिवस लागले. मला वाचायला दिली, आणि मी इथं खोटं बोलणार नाही, कविता म्हणून ती टुकार होती. मौन गेलं, आभाळ गेलं, पहाट गेली. उरलं ते असं:

भामाबाईंना मोळी उचलली की दम लागतो.
फळीवर चार पावलं चढलं की बसावं लागतं.
लोक हसतात, पण त्यांना त्याचं काही नाही.
काळजात कुणीतरी सुपानं पाखडतंय असं होतं.

गाडेकर सर वाचून म्हणाले, "यात कविता कुठंय? हा तर केसपेपर झाला." वार्षिक अंकाच्या संपादक मंडळाला पहिलीच हवी होती. श्रुतीने पहिली परत मागून घेतली. दुसरी त्यांनी घेतली नाही. बक्षिसाची ढाल तिने ऑफिसात आणून ठेवली. ती आजही तिथंच असावी. क्लार्क तिच्यावर टाचण्यांचा डबा ठेवायचा.

डिस्चार्जच्या दिवशी श्रुतीने दुसरी कविता भामाबाईला वाचून दाखवली. मी तिथं होतो. भामाबाई खाली मान घालून ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "हां. ही मी हाय." आणि हात पुढे केला. "दे तो कागद."

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"मला कशाला? मुकादमाला पायजे." मुकादम म्हणजे टोळी जमवणारा आणि नेणारा माणूस, तो तिचा चुलत दीरच होता. "सर, हिच्यावर शिक्का मारा."

मी म्हणालो, "भामाबाई, ही कविता आहे. जड उचलू नये असा रीतसर दाखला मी तुम्हाला दिलाय की."

तिने पिशवीतून माझा दाखला काढला. "ह्यो इंग्रजी हाय. मागल्या येळचा बी इंग्रजीच हुता. दीर म्हनला, काय लिवलंय कुनाला ठावं, आन् ठिवून दिला. ह्यात समदं मराठी हाय. मोळी हाय, फळी हाय. त्याला वाचता येतं."

मी श्रुतीकडे बघितलं. ती माझ्याकडे. तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट कविता मी टेबलावर ठेवली. खाली 'वरील मजकूर वैद्यकीयदृष्ट्या खरा आहे, यांनी जड ओझे उचलू नये' असं लिहिलं, सही केली आणि मेडिसिन विभागाचा गोल शिक्का मारला. कवितेचा प्रमुख म्हणून मी केलेलं हे पहिलं उपयोगी काम.

पुढच्या उन्हाळ्यात ती तपासणीला आली तेव्हा मी पहिल्यांदा तेच विचारलं.

"दिरानं दोनदा वाचली," ती म्हणाली. "म्हनला, ह्यो कसला दाखला? मंग शिक्का बघितला. आता मी तोडती आन् बांधती. फळीवर दुसरं कुनी जातं."

मी तिला तोडणीसुद्धा करू नका, आराम करा, असं सांगणार होतो. तिच्या चेहऱ्याकडे बघून सांगितलं नाही. गोळ्या चुकवू नका, एवढंच म्हणालो.

माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले असतील. श्रुती तेव्हा इंटर्न होती, ओपीडीत माझ्यासमोरच्या टेबलावर बसायची. दोन बायका दारातून डोकावल्या. पाथर्डीकडच्या, उन्हाने रापलेल्या, एकमेकींना पुढे ढकलत होत्या.

"या. काय होतंय?" मी विचारलं.

"काही न्हाई," थोरली म्हणाली. "भामाबाईनं धाडलंय. आमाला बी तशी एक कविता लिवून द्या."

मी श्रुतीला हाक मारणार होतो, पण तिने आधीच समोरची खुर्ची ओढून थोरलीला बसवलं होतं. पेन अजून उचललं नव्हतं. थोरली बराच वेळ बोलली. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, ती बोलत नव्हती. श्रुतीने तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. आतून पांढरीफटक. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सहा. अशा अंगाने ती मोळ्या वाहत होती.

आम्ही तिला भरती करून घेतलं. खाट कुठली मिळाली ते आता आठवत नाही. श्रुतीने सिस्टरकडून स्टूल मागून घेतलं आणि धाकटीजवळ नेऊन ठेवलं.

"ताई, नाव काय तुमचं?" तिने विचारलं.

बाईने नाव सांगायला बराच वेळ घेतला. श्रुती थांबून राहिली.